बॉलमधली हवा, मोडलेला फोन आणि कलम 46: टॉम ब्रेडीच्या दीड वर्षाच्या भानगडीची पूर्ण केस

अमेरिकन फुटबॉलचा सीझन फेब्रुवारीत संपतो आणि पुढचा सुरू होतो थेट सप्टेंबरमधे. मधल्या सात महिन्यांत मैदानावर जवळपास काहीच होत नाही, पण एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य लीगच्या, बातम्या काही थांबत नाहीत, उलट खरी मजा तेव्हाच असते, कोण कुठल्या टीममधे गेला, कोण पगारावरून रुसून बसला, कोणावर बंदी आली. या सगळ्यात एक प्रकरण असं आहे की त्याने एक नाही तर दोन ऑफसीझन खाल्ले, आणि विषय काय तर बॉलमधे हवा थोडी कमी होती. हसू नका, या हवेसाठी लोक फेडरल कोर्टात गेले आणि तिथून वरच्या कोर्टात पण गेले.

18 जानेवारी 2015. फॉक्सबरोला, म्हणजे बॉस्टनजवळ, न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स, जो जिंकेल तो सुपर बोलमधे, म्हणजे फायनलला, जाणार. थंडी, पाऊस, मैदान ओलं. पेट्रियट्स 45-7 ने जिंकले, म्हणजे मॅच अशी काही झालीच नाही, धुलाई झाली. पण त्याच रात्री इंडियानापोलिसच्या एका पत्रकाराने बातमी फोडली की पेट्रियट्सच्या बॉलमधली हवा कमी होती का याची लीग चौकशी करतेय.

आता क्रिकेटवाल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की बॉल तर दोन्ही टीमचा एकच असतो ना? इथे नसतो. 2006 पासून नियम असा आहे की प्रत्येक टीमने अटॅक करताना आपापले बॉल वापरायचे, आणि हा नियम व्हावा म्हणून ज्या क्वार्टरबॅक लोकांनी, म्हणजे टीमसाठी बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूंनी, खटपट केली त्यात पेटन मॅनिंग आणि खुद्द पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी पुढे होते, कारण प्रत्येकाला बॉल आपल्या हाताला बसेल तसा हवा असतो. बंधन एवढंच की हवा 12.5 ते 13.5 पीएसआयमधे (हे हवेच्या दाबाचं माप) पाहिजे. ब्रेडीला 12.5 वाला आवडायचा, म्हणजे बरोबर खालच्या काठावर. हवा कमी असली की बॉल हातात नीट बसतो, पावसात तर जास्तच. मॅचच्या आधी रेफरी सगळे बॉल तपासतो आणि मग ते मैदानावर जातात.

कोल्ट्सना संशय आधीपासूनच होता, त्यांच्या जनरल मॅनेजरने मॅचच्या आदल्या दिवशीच लीगला ईमेल पाठवून कळवलं होतं. आणि लीगने काय केलं? म्हटलं तर काहीच नाही. गुपचूप दहा बॉलचे आकडे लिहून ठेवले असते तरी पुढचं सगळं रामायण टळलं असतं. रेफरी वॉल्ट अँडरसनने नेहमीसारखे बॉल तपासले, कमी वाटले त्यात हवा भरली, पण आकडे कागदावर उतरवले नाहीत, कारण तशी पद्धतच नव्हती. आणि त्याच्याकडे हवा मोजायचे गेज होते दोन, एकाच्या मागे लोगो होता, एकाच्या नव्हता, आणि लोगोवाला दुसऱ्यापेक्षा 0.3 ते 0.45 जास्त दाखवायचा. मॅचआधी कुठला वापरला, तेही लिहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा, अख्खी केस इथेच घसरलीय.

दुसऱ्या क्वार्टरमधे कोल्ट्सच्या एका खेळाडूने ब्रेडीचा पास पकडला, तो बॉल त्यांच्या स्टाफच्या हाती लागला, त्यांनी हवा मोजली, कमी भरली, आणि लीगच्या लोकांपर्यंत बोंब गेली. हाफटाईमला पेट्रियट्सचे उरलेले 11 बॉल दोन माणसांनी दोन गेजवर मोजले. एका गेजवर सरासरी आली 11.11, दुसऱ्यावर 11.49. सगळे 12.5 च्या खाली. मग कोल्ट्सचे बॉल मोजायला घेतले तर चार होईपर्यंत हाफटाईम संपला, बाकीचे राहिले ते राहिलेच. आणि गंमत म्हणजे त्या चारपैकी तीन एका गेजवर 12.5 च्या खालीच होते, पण त्याबद्दल कुणी ओरडलं नाही.

हाफटाईमला सगळ्या बॉलमधे व्यवस्थित हवा भरून दिली. तोपर्यंत स्कोअर 17-7 होता. दुसऱ्या हाफमधे, म्हणजे एकदम कायदेशीर बॉलने, पेट्रियट्सने 28 पॉइंट केले आणि कोल्ट्सने शून्य. हवेने मॅच जिंकून दिली असं म्हणणाऱ्यांना मी एवढाच आकडा सांगतो.

दोन दिवसांनी ईएसपीएनच्या एका मोठ्या पत्रकाराने लीगमधल्या सूत्रांच्या हवाल्याने सांगितलं की 12 पैकी 11 बॉल तब्बल 2 पीएसआयने कमी होते. आणि तिथून वणवा पेटला. खरे आकडे मे महिन्यात बाहेर आले तेव्हा कळलं की दोन्ही गेज मिळून 22 नोंदी, त्यात 2 ने कमी म्हणजे 10.5 वर फक्त एक नोंद, त्याच्या खाली एकही नाही. पण लीगने ती चुकीची बातमी मधल्या साडेतीन महिन्यांत खोडून काढली नाही, हातात खरे आकडे असून. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे, ब्रेडीबिडी नंतर. माणूस दोषी आहे की नाही हे ठरायच्या आधी लोकांचं मत तयार झालं, आणि तेही चुकीच्या आकड्यावर.

हवेचं शास्त्र तसं सोपं आहे, ज्याने गाडी चालवलीय त्याला माहितीये. पंपावर दुपारच्या उन्हात हवा भरून घ्या आणि डिसेंबरमधे पहाटे मोजा, काटा खाली आलेला असतो, टायर पंक्चर नसतो. बॉलचंही तेच. रेफरीची खोली साधारण 21-22 डिग्री, मैदान 9 डिग्रीच्या आसपास. 12.5 मधे वातावरणाचा दाब 14.7 मिळवा, झाले 27.2, त्याला तापमानाच्या हिशोबाने कमी करा आणि 14.7 परत वजा करा, तर उत्तर येतं 11.3 च्या आसपास. लीगने नेमलेल्या एक्स्पोनंट नावाच्या कंपनीने स्वतःच काढलेली रेंज होती 11.32 ते 11.52. म्हणजे मॅचआधी अँडरसनने लोगोवाला गेज वापरला असेल तर हाफटाईमचा त्याच गेजवरचा 11.49 बरोबर रेंजमधे बसतो, कुणी हातसुद्धा न लावता. दुसरा वापरला असेल तर त्याचा 11.11 बसत नाही, थोडीशी हवा गायब आहे. आणि अँडरसनची आठवण काय होती? की लोगोवाला वापरला असावा. चौकशीवाल्यांनी अँडरसनच्या बाकी सगळ्या आठवणी मान्य केल्या आणि नेमकी ही एक नाही केली, म्हणाले दुसराच वापरला असणार. त्यांच्याकडे त्याची कारणं होती, दुसऱ्या गेजचे आकडे दोन्ही टीमनी सांगितलेल्या आकड्यांशी जास्त जुळत होते, पण तरी. शिवाय कोल्ट्सचे बॉल शेवटी मोजले, तोवर ते गरम खोलीत जास्त वेळ पडून होते, म्हणजे त्यांची हवा परत वर चढणारच. या गरम होण्याचा हिशोब एक्स्पोनंटने केला, नाही असं नाही, पण कुठला बॉल कितव्या मिनिटाला मोजला याचीही नोंद नव्हती, सगळं अंदाजपंचे.

ही चौकशी केली टेड वेल्स नावाच्या नामांकित वकिलाने, आणि सोबत लीगचा स्वतःचा मुख्य वकील जेफ पॅश. स्वतंत्र चौकशी म्हणून जी सांगितली तिच्या ड्राफ्टवर लीगच्या वकिलाने पेन फिरवलं होतं हे नंतर सुनावणीत निघालं. 6 मे 2015 ला 243 पानांचा रिपोर्ट आला आणि त्याचा निष्कर्ष असा, की पेट्रियट्सच्या दोन कर्मचाऱ्यांनी मुद्दाम हवा काढली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला याची निदान मोघम कल्पना असण्याचीही शक्यता जास्त आहे. शक्यतेवर शक्यता, तीही मोघम!

पण ब्रेडी अगदी धुतल्या तांदळासारखा होता असंही मी म्हणणार नाही, कारण रिपोर्टमधे हवेपलीकडचं पण बरंच होतं. लॉकर रूममधला एक कर्मचारी मॅचआधी बॉलची पिशवी घेऊन रेफरीला न सांगता बाहेर पडला आणि मैदानावर जायच्या आधी बाथरूममधे शिरला, कडी लावून, 1 मिनिट 40 सेकंद. कॅमेऱ्यात आहे ते. एवढ्या वेळात 12 बॉलची हवा काढता येते का, तर येते, सुई असेल तर. त्याच माणसाने 2014 च्या मे महिन्यात एका मेसेजमधे स्वतःला 'डिफ्लेटर' म्हटलं होतं. पेट्रियट्सचं म्हणणं, तो वजन कमी करण्याबद्दल बोलत होता. यावर मी काय बोलू, आपल्याकडे ध चा मा झाल्याची गोष्ट आहे, इथे मा चा ध करायचा प्रयत्न होता. अजून एक, ऑक्टोबर 2014 मधे न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या मॅचनंतर बॉल मोजले तर काही 16 पीएसआयच्या आसपास निघाले होते, ब्रेडी प्रचंड चिडलेला, त्यानंतर त्याने नियमाचा कागद रेफरीला दाखवायला सांगितला. ही गोष्ट तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचू शकता, एक म्हणजे त्याला हवेचं वेड होतं, दुसरं म्हणजे जो माणूस नियम दाखवा म्हणतो तो नियम मोडायला कशाला सांगेल. आणि बातमी फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, ब्रेडी आणि बॉल तयार करणाऱ्या असिस्टंटचे फोन सुरू झाले.

11 मे ला शिक्षा आली. ब्रेडीला चार मॅच बंदी. टीमला 10 लाख डॉलर दंड, 2016 चा पहिल्या राउंडचा आणि 2017 चा चौथ्या राउंडचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नवीन खेळाडू निवडायचा हक्क, जप्त. लीगच्या स्वतःच्या मॅन्युअलमधे बॉलशी छेडछाड केल्याबद्दल 25,000 डॉलर दंडाचा उल्लेख होता. आता 25 हजार कुठे आणि हे कुठे. पण 2007 च्या समोरच्या टीमच्या कोचचे इशारे चोरून शूट करण्याच्या भानगडीत याच टीमने पहिल्या राउंडचा पिक गमावला होता, म्हणजे जुना गुन्हेगार, त्यामुळे बाकी 31 टीमच्या चाहत्यांना काही वाईट वाटलं नाही. मालक रॉबर्ट क्राफ्ट आधी गरजला आणि आठवड्याभरात टीमची शिक्षा निमूट मान्य करून मोकळा झाला. ब्रेडी मात्र अडून बसला.

आपल्या लोकांना इथे 2001 आठवायला हरकत नाही. पोर्ट एलिझाबेथ टेस्ट, मॅच रेफरी माईक डेनेस, आणि सचिनवर बॉलची छेडछाड, बारकाईने बघितलं तर अंपायरला न सांगता शिवणीतली माती काढली म्हणून एका टेस्टची स्थगित बंदी. तेव्हा आपल्याकडे काय संताप झाला होता, संसदेपर्यंत विषय गेला, आणि पुढची सेंच्युरियनची टेस्ट डेनेसला बाहेर ठेवून खेळली गेली तर आयसीसीने तिला अधिकृत मानलंच नाही. बॉस्टनच्या लोकांचं 2015 मधे तेच झालं होतं असं समजा. आपला देव आणि बाहेरचा कोणी येऊन म्हणतो त्याने चीटिंग केली. फरक एवढा की आपल्याकडे बोर्ड खेळाडूच्या मागे उभं राहिलं, ब्रेडीच्या मागे फक्त खेळाडूंची युनियन.

अपील करायचं कोणाकडे? तर लीगचा प्रमुख, कमिशनर रॉजर गुडेलकडे. शिक्षा गुडेलच्या नावाने, अपील गुडेलसमोर. एनएफएलचा लीग आणि खेळाडू युनियनमधला जो करार आहे, 2011 चा, त्याच्या कलम 46 मधे हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि युनियनने त्यावर सही केली होती. पैशांच्या घासाघाशीत हे कलम तसंच राहू दिलं. तेव्हा कुणाला वाटलं असेल की हे ब्रेडीवर शेकणार आहे.

23 जूनला दहा तासांहून जास्त सुनावणी झाली आणि 28 जुलैला गुडेलने चारच्या चार मॅच कायम ठेवल्या. पण त्या निर्णयात नवीन बॉम्ब होता, फोन. चार महिन्यांत जवळपास 10,000 मेसेज असलेला फोन ब्रेडीने आपल्या खासगी असिस्टंटला नष्ट करायला सांगितला होता, आणि कधी, तर 6 मार्चला वेल्सला भेटायच्या सुमारास. ब्रेडी म्हणाला मी जुने फोन नेहमीच असे फोडून टाकतो, प्रायव्हसीसाठी. वेल्सने फोन हातात मागितला नव्हता हे खरंय, पण मेसेज मागितले होते आणि ब्रेडीने वकिलांचं ऐकून नाही म्हटलं होतं. कायद्याने तो चुकला असेल नसेल, पण साधी गोष्ट आहे, तुमच्यावर संशय आहे हे माहिती असताना फोन फोडायचा नसतो. बाहेर लोकांनी हवा सोडून दिली आणि फोन धरला. गुडेलनेही तेच केलं म्हणा, आधी मोघम कल्पना होती म्हणून शिक्षा होती, आता कटात सामील आणि वर चौकशीत अडथळा, शिक्षा तेवढीच, कारण मात्र बदललेलं.

त्याच दिवशी लीगने स्वतःच मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात जाऊन आमचा निर्णय कायम करा अशी केस टाकली. हरणाऱ्याआधी जिंकलेला कोर्टात पळाला! कारण त्यांना माहिती होतं की युनियन मिनेसोटाला जाणार, तिथली कोर्टं खेळाडूंना बरी पडायची. युनियन दुसऱ्या दिवशी गेलीच, पण तिथल्या जजने केस न्यूयॉर्कला पाठवून दिली. ऑगस्टमधे सुनावणी, कोर्टात कॅमेरा नाही म्हणून चित्रकार, आणि त्या चित्रात ब्रेडीचा चेहरा असा काही उतरला की इंटरनेटवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं.

जज रिचर्ड बर्मनने आधी दोघांना तडजोड करा म्हणून बरंच समजावलं, कुणी ऐकेना, मग 3 सप्टेंबर 2015 ला बंदी रद्द. कारण असं की दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची मोघम कल्पना असल्याबद्दल चार मॅच जाऊ शकतात हे ब्रेडीला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुडेलने ही शिक्षा स्टिरॉइडच्या शिक्षेशी जोडली होती, तीही बर्मनला पटली नाही. आठवड्याने सीझन सुरू, ब्रेडीचे चार टचडाउन, समोरची स्टीलर्स टीम हरली, बॉस्टनमधे दिवाळी.

संपलं? नाही. लीग वर गेली, आणि 25 एप्रिल 2016 ला सेकंड सर्किटच्या, म्हणजे वरच्या अपील कोर्टाच्या, तीन जजपैकी दोघांनी बंदी परत आणली. हा निकाल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोकांनी सगळ्यात कमी वाचलेला पण हाच. बहुमताने सरळ लिहिलं की ब्रेडीने हवा काढायला लावली की नाही, शिक्षा जास्त की कमी, हे ठरवणं आमचं काम नाही. दोन पक्षांनी मिळून करार केला, करारात लवाद म्हणून कमिशनरला बसवलं, कमिशनरने कराराच्या चौकटीत निर्णय दिला, बास. तो पक्षपाती वाटतो? मग सही करताना बघायचं होतं. मुख्य जज कॅट्झमन मात्र विरोधात गेले, ते म्हणाले की हाताला चिकट पदार्थ लावून बॉल पकडणाऱ्याला काही हजार डॉलर दंड होतो, त्याचाही हेतू तसाच, मग त्याच्याशी तुलना का केली नाही. मला मनापासून कॅट्झमन पटतात. पण कायदा कळणारे दोन मित्र मला सांगून थकले की लवादाच्या केसेसमधे कोर्ट असंच वागतं, आणि बर्मनचाच निकाल टिकणारा नव्हता. असेल.

13 जुलैला पूर्ण बेंचपुढे सुनावणीची मागणी फेटाळली, 15 जुलैला ब्रेडीने सुप्रीम कोर्टात जाणार नाही म्हणून जाहीर केलं. मधल्या काळात एक हुशारी करून ठेवली होती, मार्चमधे नवीन करार, त्यात 2016 चा बेसिक पगार फक्त 10 लाख डॉलर, बाकी बोनसमधे. बंदीत बुडतो तो बेसिक पगार. त्यामुळे आदल्या वर्षी चार मॅचचे जवळपास 19 लाख गेले असते ते 2016 मधे साधारण 2 लाख 35 हजारांवर आले. याला म्हणतात हिशोब!

चार मॅच तो घरी बसला, गारोपोलो आणि ब्रिसेट या पोरांनी तीन जिंकून दिल्या. परत आला तो क्लीव्हलंडला 406 यार्ड फेकूनच, आणि 5 फेब्रुवारी 2017 ला ह्यूस्टनला सुपर बोलमधे 28-3 ने मागे असताना अटलांटाला ओव्हरटाईममधे 34-28 हरवलं. ट्रॉफी द्यायला गुडेल उभा राहिला तेव्हा स्टेडियमने त्याची जी हुर्यो उडवली ती यूट्यूबवर जरूर बघा.

कलम 46 चं पुढे काय झालं, तर 2020 च्या नवीन करारात खेळाडूंच्या वैयक्तिक वर्तनाच्या केसेस आधी बाहेरच्या जजकडे जायला लागल्या. अपील मात्र परत कमिशनरकडे किंवा तो नेमेल त्याच्याकडे. 2022 मधे क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनच्या, हवेपेक्षा कितीतरी गंभीर, लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांच्या प्रकरणात बाहेरच्या जजने सहा मॅच दिल्या, लीगने स्वतःच अपील टाकलं आणि शेवटी तडजोडीत 11 मॅच आणि 50 लाख डॉलर ठरले. चावी अजून त्याच खिशात आहे.

आणि हवा? 2015 च्या सीझनपासून बॉलवर नंबर टाकतात, मॅचआधी आकडे लिहून ठेवतात, आणि त्या वर्षी काही मॅचमधे हाफटाईमला अचानक मोजणी केली. पावसात, थंडीत, उन्हात बॉलची हवा किती उतरते याचे खरे आकडे पहिल्यांदाच लीगच्या हातात आले असणार, जानेवारी 2015 ला नेमके तेच नव्हते. पत्रकारांनी मागितले. गुडेल म्हणाला ती फक्त अधूनमधून केलेली तपासणी होती, संशोधन नव्हतं. ते आकडे लीगने आजतागायत जाहीर केलेले नाहीत.